एका वर्षात दोन हळदीकुंकू

आमच्या ट्रेनिंगच्या साहेबांनी एसीत बसून शिकवलं होतं की विमा विकायचा तर आधी माणसाला घाबरवायचं. "पहिलंच वाक्य टाका, उद्या तुम्हाला काही झालं तर? समोरचा गप्प होतो. गप्प झाला की फॉर्म पुढे सरकवा." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी मान तर सगळ्यांत जोरात.

मी सुरतेत नवागामात राहते. नवरा पांडेसऱ्याला डाइंग मिलमध्ये. लग्न होऊन धुळ्याकडून सुरतेला आले आणि बारावी शिकलेली मी साड्यांवर टिकल्या चिकटवायला बसले. गठ्ठा घरी यायचा, दिवसभर मान खाली, बोटांना गोंद, डोळ्यांची पार वाट. विम्याच्या एजन्सीची परीक्षा पास झाले त्या दिवशी मी गठ्ठा परत केला आणि घरात ठणकावून सांगितलं, हे काम आता माझ्याच्याने होणार नाही. पण एजन्सीची अट होती. मार्चअखेर ठरलेल्या पॉलिस्या झाल्या नाहीत तर एजन्सी बंद. जानेवारी उजाडला तरी माझ्या नावावर एकच पॉलिसी, माझ्याच नवऱ्याची. तीही मी त्याचं डोकं खाऊन काढायला लावलेली.

"भागली का हौस?" तो म्हणाला. "गठ्ठेवाल्याला बोलावू?"

"बोलावून तर बघा," मी म्हटलं.

जाहिरात मी काही कमी केली नव्हती. फोनच्या स्टेटसला रोज सुविचार आणि खाली माझा नंबर. किराणा दुकानाच्या खांबावर कागद. रात्रपाळी करून आलेल्या माणसांना सकाळी दारात गाठलं, तर ते झोपेने झुलत "हो हो" म्हणायचे आणि दार लावायचे. मग संक्रांत आली आणि मला वाटलं, अगं वेडे, सगळ्या बाया तुझ्याच घरात येणार आहेत. हळदीकुंकवाला बोलावलं. वाण म्हणून प्लास्टिकचा डबा, आणि डब्यात तिळगुळासोबत कंपनीचं रंगीत पत्रक.

पत्रकावर काय होतं ते मी रोज बघत होते, पण मला दिसत नव्हतं. भिंतीवर हार घातलेला पुरुषाचा फोटो. त्याच्याखाली पांढऱ्या साडीतली बाई, मांडीवर मूल. हे मी सवाष्णींना कुंकू लावून, ओटी भरून हातात दिलं.

गल्लीतल्या मोठ्या मावशीने माझ्यासमोरच डबा उघडला. "काय वं, हाई काय दिधं तू? एक हातघाई कुकू लावस, दुसरा हातघाई पुसस?"

एका हाताने कुंकू लावतेस आणि दुसऱ्याने पुसतेस, असं तिचं म्हणणं. कुणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. एकेक जण उठली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात पत्रकं पडलेली. डबे मात्र सगळ्यांनी ठेवून घेतले. मला रडू आलं, पण दुःखाने नाही, संतापाने. आधी बायांचा राग आला, मग साहेबांचा. साहेबांना कोण सांगणार की एसीत चालतं ते चुलीपुढे चालत नाही.

मी जिना झाडत होते, तेवढ्यात समोरच्या खोलीतली ताई एक पत्रक हातात घेऊन आली. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी तापाने गेला. ती साड्यांचे धागे कापायचं काम करते. गल्लीत आम्ही सगळ्या अहिराणीतच बोलतो, मी इथे बहुतेक मराठीत लिहिते आहे.

"मला बोलावलं नाहीस," ती म्हणाली.

बोलवायची रीतच नाही. खरं सांगायचं तर ती माझ्या डोक्यातही आली नव्हती.

"ही पांढऱ्या साडीतली कोण? मीच ना? मग ज्यांचं कुंकू शाबूत आहे त्यांना माझा फोटो वाटलास आणि मला घरात ठेवलंस."

मी झाडू खाली ठेवला. "रथसप्तमीला ये," मी म्हटलं. "परत हळदीकुंकू करते."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "कुंकवासाठी बोलावतेस का जाहिरातीसाठी?"

"दोन्हीसाठी."

ती हसली. मला वाटतं, खोटं बोलले असते तर ती आलीच नसती.

एका वर्षात दोन हळदीकुंकू कोण करतं? गल्लीभर हसं झालं. नवरा म्हणाला, डोकं फिरलं हिचं. फिरलं तर फिरलं, मी तरी मार्चपर्यंत बसणार नव्हते. या वेळी वाण म्हणून चहाची गाळणी. पत्रक नाही, काही नाही. गाळणीच्या दांड्यावर माझा नंबर तेवढा कोरून घेतला. रोज दोनदा हातात येणारी वस्तू.

बाया आल्या, गाळणीसाठी का होईना. ताई सगळ्यांत शेवटी आली आणि दाराशीच टेकली. मी उठून तिला मध्ये आणून बसवलं आणि कुंकू लावलं. दोघी जणींना लगेच गॅसवरचं दूध आठवलं आणि त्या गेल्या. मोठी मावशी तोंड घट्ट मिटून बसून राहिली.

चहा झाला. मी विम्याचा शब्दही काढला नाही. शेवटी मावशीनेच ताईला विचारलं, "पोरगी दिसत नाही तुझी?"

"गठ्ठा आणायला गेली आहे. तिचे बाबा गेले तेव्हाच शाळा सुटली."

सगळ्या गप्प झाल्या. साहेब म्हणायचे तीच ही शांतता. मी फॉर्म पुढे सरकवला नाही. माझं लक्ष ताईच्या कपाळाकडे होतं.

ताईने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आनि माले काही व्हयनं ते मनी पोरनं काय व्हई?"

तिला काही झालं तर पोरीचं काय होईल, याचं उत्तर तिला खरोखरच हवं होतं. मी तिला सगळं समजावून सांगितलं, बाकीच्या ऐकत बसल्या. निघताना मावशी दारात थांबली. "आमच्या यांना रविवारी सुटी असते. त्यांचं जेवण होऊ दे, मग ये," ती म्हणाली. दोन पायऱ्या उतरली आणि मागे वळून तिने ताईकडे बोट केलं. "आणि हिला सोबत आण."

ताईला सोबत घेऊन मी घरोघर गेले आणि मार्चअखेर माझी एजन्सी राहिली. मीटिंगमध्ये साहेबांनी मला उभं केलं आणि सगळ्यांना सांगायला लावलं, पहिलं वाक्य कोणतं टाकता. मी म्हटलं, उद्या तुम्हाला काही झालं तर, हे वाक्य मी बोलत नाही साहेब. ज्या बाईला तो प्रश्न खरोखर पडला आहे, ती माझ्या शेजारी बसलेली असते.