पाणी आलं गं!

आमच्या उताराच्या गल्लीत वरच्या वळणावर इस्त्रीवालीचं टेबल आहे. तिला सगळे ‘भोंगा’ म्हणतात. हे नाव तिच्या थोरल्या जावेनं ठेवलेलं. “ही लाऊडस्पीकर गिळूनच जन्माला आली,” थोरली म्हणायची. त्यावर इस्त्रीवालीचं उत्तर ठरलेलं, “आणि तुम्ही बादली घेऊन आलात, जाऊबाई!” कारण नळावर पहिला नंबर कायम थोरलीचा. दुसरी कुणी पुढे दिसली, तर तिचा दिवस वाईट जायचा.

दोघी एकाच स्वयंपाकघरात नांदल्या. धाकटीचा नवरा ट्रकवर, घरी पाहुण्यासारखा यायचा. थोरलीचे यजमान घड्याळं दुरुस्त करणारे, मोजकं बोलणारे. त्यामुळे घरात आवाज असायचा तो या दोघींचाच. भांडण रोज, अबोला कधीच नाही. धाकटीला ताप आला, की थोरली तिची इस्त्रीही उरकायची. वर म्हणायची, “घे, तुझ्यापेक्षा बऱ्या घड्या घातल्यात.”

नळ गल्लीच्या तळाशी, ओढ्याला लागून. पाण्याच्या वेळेचा भरवसा नाही. पण वळणावरून नळ स्पष्ट दिसतो. त्यामुळे धार सुटली, की इस्त्रीवाली हातातली इस्त्री उभी ठेवून हाक द्यायची, “पाणी आलं गं!” त्या हाकेवर कुणी अंगावरच्या साबणासकट बाहेर यायचं, कुणी पोळी तव्यावर टाकून.

पुराची तयारी आम्ही केली नव्हती, असं नाही. ओढा दोनदा काठाला टेकून गेल्यावर गल्ली शहाणी झाली होती. शाळा उंचावर, म्हणून तिची गच्ची ठरली. आजारी माणसांना कोण उचलणार, दोर कुठे ठेवायचा, सगळं ठरलं. इशारा कोण देणार, यावर तर हशाच पिकला. “भोंगा आहे की आपला!” हाक काय द्यायची, हे मात्र कुणी विचारलं नाही. त्यात विचारण्यासारखं काही आहे, असंच वाटलं नाही कुणाला.

त्या सकाळी आमच्याकडे ऊन होतं. पाऊस वर डोंगरात झाला असावा. शर्टाची कॉलर दाबता दाबता इस्त्रीवालीनं मान वर केली, तर ओढा काठ सोडून आत शिरत होता. ती जिवाच्या आकांतानं ओरडली. इतक्या वर्षांचं तोंडाला लागलेलं वळण. तेच बाहेर पडलं. “पाणी आलं! पाणी आलं गं!”

आणि गल्ली बादल्या घेऊन खाली धावली.

चूक लक्षात आल्यावर ती “मागं फिरा” म्हणून घसा फोडत होती. पण बादल्यांच्या खडखडाटात ऐकणार कोण? अर्ध्या उतारावर गढूळ लोंढा दिसला आणि बायका उलट्या पावली पळाल्या. थोरली सगळ्यांच्या पुढे होती.

पाणी ओसरल्यावर ती सापडली. ओळख धाकटीनंच पटवली.

तेव्हापासून इस्त्रीवाली ओठांतल्या ओठांत बोलू लागली. कपडे मोजून घेतानाही समोरच्याला वाकून ऐकावं लागे. घरी थोरल्या दिरांना ती ताट वाढायची. ते जेवायचे, उठायचे. तिच्याशी एक शब्द नाही.

काही महिन्यांनी शाळेत बैठक झाली. कंपाउंडर म्हणाला, “विजेचा भोंगा बसवू.”

“आणि लाईट गेल्यावर त्याची आरती करू का?” सुईणबाईंनी विचारलं. “माणसाचीच हाक हवी. पण शब्द बदला.”

कुणी ‘पूर’ म्हणालं, कुणी ‘पळा’. मागून इस्त्रीवालीचा आवाज आला, “काय आलं ते सांगूच नका. कुठं जायचं ते सांगा. ‘वर चला.’ बास.”

“मग तूच दे हाक.”

“माझ्या हाकेवर आता कोण येणार?”

सुईणबाई उठून तिच्याजवळ गेल्या. “तुझ्या हाकेवर आम्ही डोळे मिटून येतो गं. म्हणून तर घात झाला. आणि म्हणूनच तू.”

सरावाच्या सकाळी ती टेबलापाशी उभी राहिली. तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. आम्ही दारांच्या आड कान लावून उभे. मग एकदम, चिरकलेला, पण तोच आवाज आला, “वर चला! वर चला!”

लोक निघाले. “दुधाखालचा गॅस बंद केलास का?” “तुमच्या सासूबाईंना आधी घ्या, त्यांची चप्पल राहू दे!” एकीच्या हातात सवयीनं बादली आली होती. लक्षात येताच तिनं ती भिंतीशी ठेवून दिली आणि पदरानं डोळे पुसत चढू लागली.

थोरले दीर मात्र उंबऱ्यावर बसून होते. इस्त्रीवाली त्यांच्यासमोर गेली.

“भाऊजी, वर चला.”

त्यांनी मान वर केली. “तिला असं का नाही म्हणालीस?”

“सुचलं नाही.”

“तुझ्या हाकेला ती कधी उशिरा आली नाही.”

“नाही आली.”

तिनं हात पुढे केला. तो न धरता, भिंतीच्या आधारानं ते उठले. चढावर ते थांबले, की तीही मागे थांबायची.

गच्चीवर गुरुजींनी मोठ्यानं विचारलं, “सगळे आले का?”

“नाही,” भाऊजी म्हणाले.

इस्त्रीवाली कठड्याला धरून उभी होती. सराव संपला होता, तरी बराच वेळ खाली उतरायला कुणाचा पाय उचलेना.