दहावा माणूस गुंडाप्पा

गुंडाप्पा जळकोटच्या शिवारात मेंढरं राखतो, पण गावात त्याचं नाव झालं ते माशांमुळं. कुणी नवखा त्याचा पत्ता विचारू लागला तर पोरंसुद्धा म्हणतात, "किटलीवालं मामा व्हय?" हे मासे खायचे नव्हेत. डासांच्या अळ्या खाणारे, नखाएवढे गप्पी मासे.

एका वर्षी डेंग्यूनं गावाला चांगलंच लोळवलं. आरोग्य खात्याची माणसं आली आणि सांगून गेली, आठवड्यातून एकदा हौद कोरडा करा, बॅरल कोरडं करा. आता ज्या गावात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, तिथं भरला हौद ओतून द्या म्हणणं म्हणजे घरची ज्वारी उकिरड्यावर फेका म्हणण्यासारखंच. बायका मान डोलवायच्या, चहा पाजायच्या आणि हौद तसाच ठेवायच्या. त्यांचं तरी काय चुकत होतं? शेवटी गावातल्या आशा कार्यकर्त्या दैवशाला यांनी वाट बदलली. पाणी टाकू नका, त्यात मासे सोडा, म्हणाल्या. मासे एका जुन्या विहिरीत वाढवले होते आणि त्याच विहिरीवर गुंडाप्पा मेंढरं पाजायला नेई. काम आपसूक त्याच्या गळ्यात पडलं. अ‍ॅल्युमिनियमच्या किटलीत मासे घेऊन तो घरोघर फिरू लागला.

त्याला डासांचा राग होता, आणि तो जुना होता. लहानपणी बापाबरोबर तो सिद्धम्माच्या रानात मेंढरं बसवायला गेला होता. खतासाठी शेतकरी रात्रीची मेंढरं रानात बसवून घेतात, बदल्यात धान्य देतात. तिथंच गुंडाप्पाला हिवताप भरला. घोंगडीत गुंडाळलं तरी दात वाजायचे थांबेनात. रानाची मालकीण सिद्धम्मा, लिंगायताची सून, कडक सोवळ्याची बाई. पण तिनं त्या धनगराच्या पोराला उचलून आपल्या घरात, आपल्या बाजेवर निजवलं. हिवतापाच्या गोळ्या कडूजहर. पोरगं गोळी गालात दडवायचं आणि मग गुपचूप थुंकायचं. सिद्धम्मा गुळाच्या खड्यात गोळी दाबून द्यायची आणि समोर बसून म्हणायची, "गुंड्या, आ कर." तोंड रिकामं दिसेपर्यंत ती हलायची नाही. तेव्हापासून तो तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणतो. त्या बाजेवरून आपण उठलो ते अव्वामुळं, हे गुंडाप्पा आजही येईल त्याला सांगतो, न विचारता.

आणि नेमकी हीच अव्वा त्याच्या माशांना दारात उभं करीना.

"माझ्या हौदात मासे? शिवशिव!"

"अव्वा, तुमाला खायचं थोडंच हाय? त्येच अळ्या खात्यात."

"म्हंजी माझ्या घरात मांसाहार त्येनी करायचा आन् म्या बघत बसायचं?"

 गुंडाप्पा किटली उचलून पुढच्या घरी गेला. सिद्धम्माच्या हौदावर त्यानं जुनं लुगडं तेवढं घट्ट बांधून दिलं.

मग कोरोना आला. पहिलं वर्ष कसंबसं सरलं, दुसऱ्या लाटेत मात्र सिद्धम्माच्या गल्लीतला एक धट्टाकट्टा माणूस सोलापूरला दवाखान्यात गेला आणि परत आला नाही. लस निघाली होती, पण लोक सुईचं नाव काढलं की दाराला कडी लावत. दैवशालाबरोबर गुंडाप्पाही दारोदार फिरू लागला. "दरसाल पावसाळ्याच्या आधी माझ्या मेंढरांना टोचून घेतो. मेंढराला कळतं, तुमाला कळंना व्हय?" लोक हसत आणि हळूहळू लस टोचत होते त्या शाळेकडं वळत.

एक गोष्ट मात्र त्याला कुणी विचारली नाही, आणि त्यानंही आपण होऊन सांगितली नाही. गुंडाप्पानं स्वतः लस घेतली नव्हती. गुरांचे डॉक्टर आले की तो मेंढी गुडघ्यांत दाबून धरायचा आणि सुई निघाली की स्वतःच तोंड फिरवायचा. गड्याला सुईची धडकी भरायची, दुसरं काही नाही.

सिद्धम्मा एकटी राहायची. लेक-सुना दूर. ती म्हणायची, "मी पिकलं पान. माझ्या वाटची एखाद्या तरण्याला द्या." गुंडाप्पा रोज जायचा, रोज हात हलवत परत यायचा. अखेर एक दिवस त्याचा बांध फुटला.

"अव्वा, तुमी गेलाव तर मला गुंड्या म्हणणारं कोण ऱ्हाईल?"

म्हातारीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "उद्या येते. एकदाच. पुन्यांदा बोलवायला यायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी शाळेत ती आली, पण दुपार कलल्यावर. तिच्यासकट नऊ माणसं जमली. लस टोचणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "एका बाटलीत दहा जणांची लस असते. फोडली की चार तासांत संपवावी लागते, आणि येतीय ती आधीच थोडी. दहावा आला की फोडते." सगळे वाट बघत बसले. दैवशालानं फोन लावले. कुणी रानात, कुणी उचलेना. ऊन उतरू लागलं तशी सिद्धम्मा उठली आणि पदर सारखा करत म्हणाली, "देवाच्या मनात न्हाय. निघते म्या."

 ही आज गेली तर परत येणार नाही, हे गुंडाप्पा जाणून होता. त्यानं रस्त्याकडं पाहिलं. रस्ता मोकळा.

"मामा," दैवशालाला एकदम सुचलं, "तुमचा दुसरा डोस आला आसंल की. पहिला कधी घेतलाव?"

गुंडाप्पानं नजर चुकवली. तोंडाला टॉवेल बांधलेला, नुसते डोळे दिसत होते. सिद्धम्माला तेवढे पुरले. ती दोन पावलं माघारी आली.

"गुंड्या," ती म्हणाली, "आ कर."

बाकीच्यांना काही कळलं नाही. गुंडाप्पा मात्र दहा वर्षांचा झाला.

"न्हाय घेतली, अव्वा. भ्या वाटतं."

कुणीतरी खुदकन हसलं. साऱ्या गावाला शहाणपण वाटत फिरणारा गडी! सिद्धम्मा हसली नाही. तिनं त्याचा हात धरला आणि खुर्चीवर बसवलं. "ह्याला टोचा आदी. मग मला."

बाटली फुटली. गुंडाप्पानं तोंड फिरवलं आणि डोळे गच्च मिटले. सुई कधी गेली ते त्याला समजलंच नाही, कारण दुसरा हात म्हातारीनं इतका आवळला होता की दुखत होता तो तोच. नंतर दोघं बाहेर लिंबाखाली बसली. सिद्धम्मानं कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढला, फोडला आणि मोठा तुकडा त्याला दिला. मेंढरांमागं फिरून रापलेला, नातवंडांचा आजा गुंडाप्पा तिथंच ढसाढसा रडला.

पुढं कोरोना त्या गल्लीत पुन्हा आलाच. सिद्धम्मालाही ताप भरला, पण घरच्या घरी, आठवड्याभरात ती उठून बसली. गुंडाप्पानं लशीला हात जोडले, सिस्टरला जोडले, दैवशालाला जोडले आणि घरी येऊन किटलीलाही जोडले.

अव्वा बरी झाल्यावर तिचाच निरोप आला, किटली घेऊन ये. तो धावत गेला. तिनं हौदावरचं लुगडं स्वतः सोडलं.

"सोड. पर त्येनला सांगून ठेव, सोमवारी ह्या घरात उपास आस्तो."

गुंडाप्पानं किटली कलती केली, आणि हौदात डोकावून माशांना ते खरोखरच सांगितलं.