देव्हाऱ्यापुढची कडी

दसऱ्यानंतरच्या सोमवारी दुपारी, माण तालुक्यातून विट्याकडे येताना आमची गाडी ओढ्यात रुतली.

गाडीत चौघे होतो: माझी थोरली बहीण म्हणजे आक्का, दाजी, त्यांचा मुलगा आणि मी. भाचा सैन्यात नाईक आहे आणि त्याचं काम वाहनांवरचं आहे. त्याची रजा संपत होती. संध्याकाळी मिरजेहून त्याला उत्तरेकडची रेल्वे पकडायची होती. गुरुवारी सकाळी हवालदारपदासाठीचा कोर्स सुरू होणार होता. पहिल्या हजेरीला जो नसेल त्याची जागा राखीव यादीतल्या पुढच्या माणसाला मिळते. गेल्या वर्षी आक्काच्या ऑपरेशनमुळे तो एक दिवस उशिरा हजर झाला होता आणि त्याची नोंद त्याच्या कागदांवर होती. दुसरी नोंद झाली तर कोर्सच्या यादीतून त्याचं नावच निघालं असतं. गाडीतल्या प्रत्येकाला हे माहीत होतं.

मुख्य रस्त्यावर पुलाचं काम चालू होतं आणि शेजारून काढलेला कच्चा रस्ता परतीच्या पावसानं वाहून गेला होता. लोक ओढ्यातून जात होते. दाजींनी आधी गेलेल्या जीपच्या चाकोरीत गाडी घातली. पाणी पोटरीपर्यंतही नव्हतं, पण खाली गाळ होता. पुढची दोन्ही चाकं निम्म्यापर्यंत गाळात गेली आणि गाडी पोटावर बसली. दाजींनी ॲक्सिलरेटर दाबून पाहिला. मागची चाकंही खाली गेली.

पलीकडच्या काठावर, विट्याच्या बाजूला, एक ट्रॅक्टर उभा होता. मालक पन्नाशीचा होता. पेरणी उरकून वस्तीवर चालला होता, ट्रॅक्टरवरचे स्पीकर मोठ्यानं चालू होते. आम्हाला पाहून त्यानं स्वतःच सीटखालची साखळी काढली. अशी कामं त्यानं शेकड्यानं केली असणार. ऊसपट्ट्यात ट्रॉली रुतणं आणि साखळी लावून ओढणं हे हंगामातलं रोजचं काम आहे. साखळीचं एक टोक त्यानं ट्रॅक्टरच्या मागे, खालच्या बाजूला अडकवलं. दुसरं टोक घेऊन तो गाळात उतरला आणि सरळ आमच्या बंपरपुढच्या लोखंडी गार्डाकडे गेला. गार्डावर दसऱ्याचा झेंडूचा हार तसाच होता.

भाच्यानं त्याला थांबवलं. गार्डाला साखळी लावायची नाही, असं तो म्हणाला. हा गार्ड आधीच्या मालकानं बाजारातून आणून बसवला होता. तो बारीक पट्ट्यांवर, चार बोल्टांवर उभा होता. गाडीचं वजन आणि गाळाची ओढ त्या पट्ट्यांवर येणार होती.

"मग ह्यो बसवलाय कशाला पाव्हणं, हार घालायला?" ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं.

"व्हय तात्या," भाचा म्हणाला, "हार घालायलाच."

काठावर मेंढरं घेऊन थांबलेले दोघे हसले. दाजी हसले नाहीत.

भाचा गाळात आडवा होऊन गाडीखाली गेला. चेहरा आणि डावा खांदा चिखलात घालून त्यानं बराच वेळ चाचपडून पाहिलं. खाली दोन वाकवलेल्या सळया होत्या. त्या कारखान्यातून ट्रकवर लादताना गाडी बांधून ठेवण्यासाठी असतात, ओढण्यासाठी नाहीत, असं त्यानं बाहेर येऊन सांगितलं. ट्रॅक्टरवाल्यानं चाकाजवळच्या दांड्याला वेढा देऊ म्हणून सुचवलं. तो दांडा वाकला तर गाडी बाहेर येईल, पण विट्यापर्यंतसुद्धा चालणार नाही, असं भाचा म्हणाला. बंपरवर उजवीकडे हाताच्या पंज्याएवढं प्लॅस्टिकचं झाकण होतं. त्यानं ते नखानं उचकटलं. आत आटे असलेलं भोक होतं, सरळ गाडीच्या सांगाड्यात गेलेलं. त्यात पिळून बसवायची लोखंडी कडी गाडीबरोबर येते आणि जॅकशेजारी ठेवलेली असते.

त्यानं मागचं दार उघडलं. जॅकची जागा रिकामी होती. पाना नव्हता, कडीही नव्हती.

दाजींनी मग सांगितलं. खंडेनवमीला विळे, कुऱ्हाड, पहार यांच्याबरोबर गाडीची हत्यारंही काढून धुतली होती. पाटावर मांडून हळदकुंकू लावलं होतं, फुलं वाहिली होती. दसऱ्याला जॅक आणि पाना ओसरीत आणून ठेवला तो तिथंच राहिला. कडी देव्हाऱ्यापुढं होती. गाडीची पूजा झाली होती. हत्यारं गाडीत परत गेली नव्हती.

घर तिथून मोटारसायकलनं पाऊण तासावर होतं. दाजींनी घड्याळ पाहिलं. आणायला गेलं तर जाऊन येण्यात दीड तास जाईल, तोवर मिरजेची गाडी जाते, असं त्यांनी हिशोबानं मांडलं. मग ते ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले की गार्डालाच लावा.

"आबा, नगा," भाचा म्हणाला.

"तुझीच गाडी चुकतीया," दाजी म्हणाले. "माझी न्हाई."

वडिलांपुढं, परक्या माणसांसमोर, भाच्यानं आवाज चढवला नाही. त्याच्या युनिटमध्ये साखळी सुटून एका जवानाचा पाय गेला होता. ते त्यानं तिथं सांगितलं नाही. मला ते आक्काकडून माहीत होतं. त्यानं तीन गोष्टी मागून घेतल्या. ट्रॅक्टरवरची गाणी बंद. साखळीच्या आसपास कोणीही नाही, मेंढरंसुद्धा. आणि हिसका द्यायचा नाही, साखळी ताणली की हळूहळू ओढायचं.

"मिल्ट्रीत ट्रॅक्टर हाकायचा कोर्स बी असतोय वाटतं," ट्रॅक्टरवाला म्हणाला आणि त्यानं गाणी बंद केली. मेंढरं लांब नेण्यात आणि साखळी लावण्यात वीस-पंचवीस मिनिटं गेली.

साखळीवर टाकायला जड कापड हवं होतं. साखळी सुटली तर त्या वजनानं ती खाली पडते. मागच्या सीटवर आक्कानं माझ्या घरासाठी शिवलेली नवी वाकळ होती. तिनं ती घडी न मोडता भाच्याच्या हातात दिली. मग ती पुन्हा फोन घेऊन लांब बाभळीखाली जाऊन उभी राहिली. त्या वेळी कोणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

गाडीत दाजी बसणार होते. भाच्यानं त्यांना उतरवलं. स्टिअरिंग सरळ ठेवून, गिअर न्यूट्रलला टाकून गाडी रिकामी ठेवली.

ट्रॅक्टर पुढं सरकला. साखळी पाण्यातून वर आली, वाकळीखाली ताणली गेली. गाडी हलली नाही. ट्रॅक्टरचा आवाज वाढला. चार बोटं गाडी पुढं आल्यासारखी वाटली आणि ट्रॅक्टरवाल्यानं सवयीनं क्लच सोडून हिसका दिला.

गार्ड निघाला. आवाज एकच आला. गार्ड, त्याच्याबरोबर बंपरचा निम्मा भाग, हार आणि वाकळ असं सगळं एकत्र ट्रॅक्टरच्या दिशेनं गेलं आणि मागच्या मोठ्या चाकाला लागून गाळात पडलं. ट्रॅक्टरवाला मान वळवून मागे पाहत बसला होता. गार्डाचं टोक आणि त्याची पाठ यांच्यामध्ये ते चाक होतं.

ट्रॅक्टरवाला खाली उतरला, चाकावर उमटलेल्या ओरखड्यावरून हात फिरवला आणि काठावर बसला. त्याला पाणी दिलं. दाजी गाडीजवळ उभे होते. फाटलेल्या बंपरच्या मागे, उजवीकडे, ते आट्यांचं भोक आता उघडं दिसत होतं.

तेवढ्यात आमच्या मागच्या काठावर स्कूटी आली. आक्काची धाकटी जाऊ होती. तिनं पदराच्या टोकात बांधलेली कडी आणि डिकीतला पाना बाहेर काढला.

दाजींनी आक्काकडे पाहिलं. ती म्हणाली, "गाडीची डिकी उघडली तवाच फोन केला. वाकळ दिली तवा ती निम्म्या वाटंत हुती."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी इचारलं का?"

दाजी गुडघाभर गाळातून मागच्या काठावर गेले आणि कडी घेऊन आले. भोकात घालून त्यांनी ती नेहमीसारखी उजवीकडे फिरवली. ती बसेना. भाच्यानं ती डावीकडे फिरवली. या कडीचे आटे उलटे असतात. दोन वेढे गेली आणि अडकली. आट्यांमध्ये हळदकुंकवाचा लगदा वाळून घट्ट झाला होता. भाच्यानं आपली बॅग उघडली, दाढीच्या सामानातून टूथब्रश काढला आणि ओढ्याच्या पाण्यात कडी घासू लागला. पाणी थोडं लाल झालं. ब्रश त्यानं तिथंच टाकला.

या वेळी कडी शेवटपर्यंत गेली. त्यानं तिच्यात पान्याचा दांडा घालून ती आणखी आवळली. नुसती कडीही गाळातून वजन ओढायला पुरी पडेलच असं नाही, हे त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आधी चाकांपुढचा गाळ काढायचा होता. ट्रॅक्टरवाल्यानं आपलं खोरं आणलं. दाजी आणि मी हातांनी उपसत होतो. मेंढपाळांनी काठावरची झुडपं तोडून चाकांखाली दिली. ट्रॅक्टर कडीच्या बरोबर समोर, एका रेषेत आणला, कारण बाजूनं ओढलं की अशी कडी वाकते. साखळीचा आकडा तिच्यात मावत नव्हता. ट्रॅक्टरच्या पेटीत पिन लावून बंद होणारा शॅकल होता, तो वापरला. वाकळ गाळातून काढून पुन्हा साखळीवर टाकली. सगळे लांब गेले. दाजींनी आक्काच्या दंडाला धरून तिला आणखी मागे नेलं.

ट्रॅक्टरवाल्यानं या वेळी हिसका दिला नाही. साखळी ताणल्यावर तो एकदा थांबला आणि मागे वळून भाच्याकडे पाहिलं. भाच्यानं मान हलवली. गाडीचं तोंड आधी वर आलं, मग पोटाखालचा गाळ सुटल्याचा आवाज झाला आणि गाडी सावकाश चढून पलीकडच्या काठावर उभी राहिली.

मिरजेची वेळ गेली होती. भाच्यानं चिखलाच्या हातांनी फोनवर रेल्वेचं वेळापत्रक पाहिलं. तीच गाडी मिरजेहून सांगली, कराड, सातारा अशी वर येते. विट्यावरून कडेगावमार्गे कराड गाठलं तर ती तिथं मिळण्याची शक्यता होती. ट्रॅक्टरवाल्यानं पैसे घेतले नाहीत. मोडलेला गार्ड त्यानं ठेवून घेतला. वाकळ आक्कानं पिळून गाडीत टाकली; मधोमध साखळीनं ती वीतभर फाटली होती.

गाडी भाच्यानं चालवली. दाजी शेजारी बसले होते. कडेगाव मागे पडल्यावर त्यांनी विचारलं की ती कडी काढायची राहिली, चालेल का. राहू द्या, असं भाचा म्हणाला.

कराड स्टेशनवर गाडी आधीच फलाटाला लागलेली होती. भाचा चिखलानं माखलेल्या कपड्यांतच बॅग घेऊन पळाला. आम्ही पुलावरून उतरेपर्यंत रेल्वे हलली होती. तो कोणत्या डब्यात चढला, किंवा चढला का, हे आम्हाला दिसलं नाही. फलाटावर तो नव्हता. फोन लागत नव्हता. आक्का शेवटचा डबा जाईपर्यंत उभी राहिली आणि मग बाकावर बसली.

तासाभरानं साताऱ्याहून त्याचा फोन आला. तो डब्यात होता.

गुरुवारी दुपारी आक्काच्या मोबाईलवर मेसेज आला. हजेरी झाली, कोर्स सुरू झाला, असं त्यात होतं. त्याखाली एक ओळ होती: नवीन टूथब्रश घेतला.