टाकीचं नाक

बैल विकले त्या वर्षी आप्पा, म्हणजे माझे वडील, माझ्या थोरल्या भावाशी, अण्णाशी, बोलायचे बंद झाले. अण्णानं बेळगावात कॅम्पातल्या गॅरेजमधली रंगाऱ्याची नोकरी सोडली आणि येळ्ळूरच्या आमच्या रिकाम्या गोठ्यात स्वतःचं गॅरेज काढलं. बैल आप्पांनीच विकले होते, गुडघे साथ देईनात म्हणून. पण दावणीच्या जागी मोटार उभी राहणार म्हटल्यावर सगळा राग अण्णावर निघाला. "कर काय करायचं ते," एवढं म्हणाले आणि गोठ्याच्या उंबऱ्यात पाय टाकायचा नाही असं धरून बसले. हट्टाच्या बाबतीत आमचं घर पिढीजात श्रीमंत. मी तेव्हा शहरात टायपिस्ट होते. संध्याकाळी बसमधून उतरायचे आणि एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बसलेल्या या दोघांचे निरोप पोचवायचे. मला दोघांचाही संताप यायचा.

ती भिंत गोठ्याची आणि स्वयंपाकघराची सामाईक होती. थिनरच्या वासानं आईला खोकला लागला, तेव्हा अण्णानं आधी हवेची सोय केली. थिनरची वाफ जड, ती जमिनीलगत बसते. म्हणून पंखा वर न लावता त्यानं खाली, पूर्वी जिथून गोमूत्र वाहून जायचं त्या मोरीच्या भगदाडात बसवला. ठिणगीचं भय नको म्हणून पंख्याची मोटर भिंतीबाहेर घेतली. समोरच्या भिंतीतला झरोका मोठा करून जाळी ठोकली, म्हणजे ताजी हवा तिकडून येणार. भावकीतले लोक हसले. "पंखा काय उंदरास्नी व्हय रं?" आईचा खोकला थांबला, तसं त्यांचं हसणंही थांबलं.

मग जुना कॉम्प्रेसर आला. हवा दाबून भरायची लोखंडी टाकी, वर मोटर, आणि टाकीपासून रंग फवारायच्या पिस्तुलापर्यंत लांब नळी. दाब दाखवणारं काट्याचं घड्याळ होतं, पण टाकी भरली की आपोआप बंद करणारा स्विच मोडका होता. अण्णाचा भरवसा सेफ्टी व्हॉल्व्हवर. टाकीच्या माथ्यावर बोटाएवढी पितळी तोटी आणि तिला एक कडी. दाब जास्त झाला की ती फुस्स करून हवा सोडायची आणि अण्णा हातातलं काम टाकून येऊन बटण बंद करायचा. घड्याळाकडं कोण बघतंय? सगळा कारभार कानावर. आईसुद्धा चुलीपुढून सांगायची, "फुसफुसलं बघ रं."

दसरा आला. खंडेनवमीला आमच्याकडे पोटाला घालणारी प्रत्येक वस्तू धुऊन, रंगवून पुजतात. आदल्या दिवशी अण्णा नि मी बेळगावच्या खडेबाजारातून फुलं घेऊन परतलो, तर धुऊन अंगणात वाळत ठेवलेली टाकी लालभडक. बैलगाडीच्या चाकांसाठी जपून ठेवलेला रंग तिला लावलेला. आईनं डोळ्यानंच आप्पांकडं खुणावलं. ते ओसरीवर पाठ फिरवून बसले होते, आणि नखं लाल होती.  रात्री अण्णानं स्वतःच्या हातानं आप्पांच्या ताटात भाकरी वाढली, आणि मला इतकं बरं वाटलं की उगीचच आईकडं बघून हसत सुटले.

टाकी आत नेऊन पूजा झाली. टाकीला हळदीकुंकवाची बोटं ओढली. हार अडकवायला घड्याळाशिवाय जागा नव्हती, म्हणून झेंडूचा दणकट हार तिथंच घातला. असा हार सुकल्याशिवाय काढत नाहीत. दसरा सरेपर्यंत पुजलेल्या वस्तूंना कुणी हात लावला नाही, आणि तेवढ्यात रंग खडखडीत वाळला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याची मोटार रंगवायची होती. अण्णानं बटण दाबलं आणि तो पत्रा घासायला बसला. तेवढ्यात आप्पा आत आले. पहिल्यांदाच. थेट टाकीपाशी गेले आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. बैलापाशी उभे राहायचे तसेच. मी दारात होते. मला सुट्टी होती. अण्णानं मान वर केली नाही, पण घासता घासता तो हसत होता.

मला आवाज वेगळा वाटला. मोटर कण्हत होती, पट्टा किंचाळत होता, आणि फुस्स काही होईना. मी पुढं होऊन हार बाजूला केला. काटा लाल खुणेच्या पार गेला होता. वर बघितलं तर तोटीवर, कडीवर, सगळीकडं तोच लाल रंग. तोटी चिकटली होती.

"अण्णा, काटा बघ," मी म्हणाले. 

त्यानं बटण बंद केलं. पण आत कोंडलेली हवा काही बटणानं बाहेर जात नाही. "आप्पा, भाईर चला," तो हळूच म्हणाला.

आप्पांचा हात टाकीवरच. "मला भाईर काढतोस? आजच आलोय न्हवं मी?"

"आप्पा, पाया पडतो, चला."

ते हलेनात. जन्मभराचा हट्ट अशा वेळी उभा राहिला. टाकी फुटली असती तर आधी त्यांचीच छाती फुटली असती. मी त्यांचं मनगट धरलं आणि गुडघ्यांचा विचार न करता ओढत अंगणात नेलं. बापाला असं कुणी ओढत नाही. अण्णा नळीच्या टोकाचं पिस्तूल घेऊन दाराबाहेर आला, भिंतीला पाठ लावून त्यानं घोडा दाबून धरला. हवा सूं करत सुटली. ती सरता सरेना. आई स्वयंपाकघरातून निघून परसात उभी होती, तोंडाला पदर लावून.

आवाज थांबला. आप्पा कट्ट्यावर बसले होते, तोंड दुसरीकडं. झालेलं त्यांना कळलं नव्हतं. कळलं होतं एवढंच, की पोरांनी हाताला धरून बाहेर काढलं. खरं सांगितलं तर ते परत कधी आत येणार नाहीत, आणि नाही सांगितलं तरी येणार नाहीत. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. अण्णानं मला हातानं थांबवलं.

त्यानं आत जाऊन तोटी खोलली, थिनरनं पुसली, पुन्हा बसवली आणि थोडीच हवा भरली. बाकीच्या रंगाला धक्का लावला नाही. मग आप्पांना हाताला धरून आत आणलं. "हे हिचं नाक हाय, आप्पा. हितनं ही श्वास सोडती. रंगानं बुजलं हुतं." आणि त्यांचं बोट कडीत अडकवून ओढायला लावलं. फुस्स झालं. आप्पा दचकले. मग स्वतःहून पुन्हा एकदा कडी ओढली.

"बैलाच्या नाकाला मी कधी रंग लावला न्हाय," ते म्हणाले. "हिचं नाक कुठं, ते मला ठावं न्हवतं रं." त्यांचे डोळे भरले होते. अण्णाचे तर वाहतच होते.

त्यानंतर दर खंडेनवमीला टाकी आप्पाच रंगवायचे, तोटीला ओलं फडकं बांधून. हारासाठी भिंतीत खिळा आला. आधी आप्पा कडी ओढणार, आणि फुस्स झाल्यावरच नारळ फुटणार. ते गेले त्या साली टाकी अण्णानं रंगवली, फडकंही बांधलं. पण कडी ओढायची वेळ आली तेव्हा त्याचा हात काही उचलेना. मग ती मी ओढली.