माझ्या नावाची सावड

आधी काकीचं सांगते, मग बाकीचं. थोरल्या काकांची बायको ती. गुडघे धरलेले, आवाज खणखणीत, आणि माझ्याशी कधी गोड बोललेली मला आठवत नाही. अभिनयाच्या शाळेतली माझी जागा आज टिकून आहे ती तिच्यामुळे.

मी नववीत शाळा सोडली. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी, हायस्कूल खाली लांब, आणि आईला घरात हात हवा होता. पुढे महाडला पॅकिंगच्या कामाला लागले. तिथं पथनाट्य करणारा एक गट भेटला. चवदार तळ्याच्या बाजूला रस्त्यावर उभं राहून मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. त्या मुलांकडूनच मुंबईची ही शाळा कळली. फॉर्मवर ‘बारावी उत्तीर्ण’ अशी अट होती. माझं काम बघून घेतलं त्यांनी, पण अभिनय शिकवणाऱ्या बाईंनी समोर बसवून सांगितलं, “तुझ्यासाठी एक नियम वाकवलाय. दुसरा वाकणार नाही.”

दुसरा नियम हजेरीचा. एका सत्रात तीन खाडे चालतात, चौथ्याला जागा जाते.

पूर्णवेळ म्हणजे काय हे मला तेव्हा कळलंच नव्हतं. वाटलं होतं, सकाळी शाळा आणि संध्याकाळी कुठंतरी काम. पण सकाळी सातला अंग मोकळं करण्यापासून जे सुरू होतं ते रात्री आठच्या तालमीपर्यंत चालतं. बाहेर काम करायचं नाही असं लिहूनच घेतात. फी भरताना महाडची सगळी कमाई गेली, त्याची तयारी होती माझी. एक दिवसही आपला उरणार नाही, याची नव्हती. जुलैत तापानं आडवी झाले आणि तिन्ही खाडे एकदम संपले.

त्यानंतरच्या सोमवारी बाबांचा फोन आला. आई बांधावरून घसरली, उजवं मनगट मोडलं. आणि वाडीत सावड दुसऱ्याच दिवशी सुरू होणार होती.

आमच्याकडे भाताच्या लावणीला मजूर मिळत नाही, निम्मी वाडी मुंबईत. म्हणून सहा घरांची सावड. प्रत्येक घरातली एक बाई सगळ्यांच्या खाचरांत एकेक दिवस लावायला जाते. जिच्या घरचं माणूस येत नाही तिच्या खाचरात कोणी उतरत नाही. यात राग नसतो, रीत असते. आमच्या घरचं माणूस म्हणजे आई, आणि ती नसेल तर मी.

“तू काय येऊ नको,” बाबा म्हणाले. पण फोनही ठेवेनात.

“रोपं किती दिवसांची झाली?”

“वीस.”

आठवडाभरात लावली नाहीत तर ती जून होणार, हे दोघांनाही माहीत होतं.

त्यानंतर मी घरी फोन केला नाही. काय ऐकावं लागेल याचीच भीती. सकाळी श्वासाचे व्यायाम करताना डोळे मिटले की आज सावड कोणाच्या खाचरात असेल तेच दिसायचं. शुक्रवारी बाईंना विचारलं, पाच दिवस मिळतील का? त्या म्हणाल्या, “जा. पण परत येशील ती नाटक बघायला, करायला नाही.”

शनिवारी दुपारी वर्ग सुटल्यावर मी पिशवीत सगळं भरलं. दोरीवरचा ओला टी-शर्टसुद्धा. सावड तर गेलीच, निदान बाबा आणि मी मिळून लावू, असा हिशेब. पुढे कशेडीत दरड आली होती, ट्रकांची रांग पोलादपूरच्या अलीकडेपर्यंत लागलेली. पोलादपूरला उतरले तेव्हा वाडीची शेवटची जीप निघत होती.

घरी आई पदराआड प्लास्टर लपवत म्हणाली, “सकाळी खाचरात जा. मी काय सांगत नाय.”

सकाळी गेले तर आमच्या खाचरात सहा बाया ओणव्या. मधोमध, पाठीवर प्लास्टिक बांधलेली काकी. तिच्या घराची बाजू तिची सून धरत होती. मग काकी कोणाच्या बदली?

“कोण गो ती? नाटकवाली?” एकीनं ओळखलं. “पावडर धुवून उतर हां, भाताला चालत नाय!”

सगळ्या हसल्या. काकी हसली नाही.

“कशाला आलीस?”

“लावायला.”

“आणि शाळा?”

मी खालच्या आवाजात सांगितलं. ती गुडघ्यावर हात दाबून सरळ झाली. “पाच दिवस तुझ्या नावानं पाच घरी वाकले मी. ते तू जागा घालवून इथं यावंस म्हणून?”

“काकी, तुझे गुडघे...”

“गुडघे माझे हायत. उद्या हजेरी कितीला?”

“सातला.”

“मग दुपारची यष्टी पकड. तोवर लाव.”

मी दुपारपर्यंत लावलं. माझी ओळ वाकडी जात होती; काकी मागून सरळ करत होती. निघताना पाया पडायला वाकले तर म्हणाली, “चिखलात कसल्या पाया पडतेस? पळ.”

महाडच्या स्टँडवर तीन तास गाडी नाही. दर गाडीची पाटी वाचायला धावत होते. मिळाली ती माणगावच्या पुढे अडकली. पहाटे उतरले ती थेट शाळेत. सातला दोन मिनिटं कमी असताना अनवाणी रांगेत उभी राहिले. बाईंची नजर माझ्या पायांवर गेली, नखांत चिखल तसाच.

“हे काय?”

“लावणी.”

त्यांनी हजेरीच्या वहीत खूण केली. “श्वास घ्या,” म्हणाल्या सगळ्यांना.

अजून एक वर्ष आहे इथं. पुढची लावणी येईल तेव्हाही मी वाडीत नसेन, आणि आईचं मनगट पहिल्यासारखं वळत नाही. काकीनं बाबांना सांगून ठेवलंय, “पुढल्या सालीपण मी हाय. गुडघ्यांचा काय भरोसा देत नाय.” पैसे दिले तर ती फेकून मारील. सावड पैशानं फिटतही नाही. म्हणून लिहून ठेवते. इथून सुटल्यावरच्या पहिल्या लावणीला, हातात काम असो नसो, काकीच्या नावानं मी पाचही घरी उतरेन, आणि ती पुढल्या साली वाकेल ते पाच दिवस त्यानंतरच्या लावणीला फेडीन. काकीनं फक्त बांधावर बसावं आणि माझी ओळ वाकडी जाते म्हणून ओरडावं.