रिठ्याचा फेस आणि मोटारीची काच

रिठे भिजवल्याचा वास आला की मला पंचावन्न-छप्पन सालचं आमचं चिंचवडचं गॅरेज आठवतं. इंग्रजांच्या काळातली एक मोटार नव्यासारखी करायला आली होती. पुढची काच कडक झालेल्या रबरात रुतून बसलेली, आणि फुटली तर तशी दुसरी मिळणार नव्हती. माझ्या यजमानांनी कडेला पेचकस लावला तशी मी ओरडले, “अहो, थांबा! घट्ट बांगडी अशी उचकटून काढतात का?” मग मी रिठ्याचा फेस रबरात मुरवला, नऊवारी खोचून मोटारीत बसले नि दोन्ही पायांनी काच हळूहळू बाहेर रेटली, ह्यांनी ती अख्खी झेलली. “कुणी काढली हो?” मोटारवाल्यानं विचारलं. एरवी उखाण्याशिवाय माझं नाव न घेणाऱ्या ह्यांनी ते चारचौघांत खणखणीत घेतलं. आता पाठीला बाक आलाय, पण तो वास आला की मी ताठ बसते.