बहिणीच्या हनुवटीवरचे केस

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न पत्रिकेतल्या मंगळामुळे जमलं नाही, असं आमच्या सगळ्या नात्यागोत्यात मानतात. ते खोटं आहे. तिला मंगळ नव्हता. ती थाप माझी होती.

बहीण आता पासष्टीला आली. माझी बायको गेल्यापासून गिरगावातल्या घरात आम्ही दोघंच असतो. तरुणपणापासून तिच्या हनुवटीवर राठ केस येतात. रोज सकाळी खिडकीशी आरसा घेऊन ती ते चिमट्यानं उपटायची आणि आम्ही घरातले ते पाहिलंच नाही असं करायचो. गेल्या वर्षी तिची नजर अधू झाली. केस दिसेनात, बोटांना मात्र लागत. एकदा चहा पिताना ती म्हणाली, "दादा, मला हे कायमचे काढायचेत."

या वयात आता कोण बघतंय, असं मी म्हटलं.

"उद्या अंथरुणाला खिळले तर कोण काढेल? तू?"

मी दुसऱ्या दिवसापासून चौकशीला लागलो.

माझा ओढा लेझरकडे होता. ओळखीतल्या मुलींनी केलेलं, झटपट होणारं. परळच्या त्वचेच्या डॉक्टरांनी आधी रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या आणि मग सांगितलं, की लेझर केसातला काळा रंग पकडतो. हिचे बहुतेक केस पांढरे झालेत, ते तसेच राहतील. हिच्यासाठी इलेक्ट्रॉलिसिसच. केसाच्या मुळाशी बारीक सुई सरकवायची, वीज सोडायची, एकेक केस.

ते करणाऱ्या दोघीजणी सापडल्या. दादरची बाई थोड्याच बैठकांत सगळं साफ करून देते म्हणाली. मला ती पसंत पडली होती. बहिणीनं विचारलं, सुई दर वेळी नवी असते का. स्वच्छ करून ठेवतो, असं उत्तर आलं. बहिणीनं पर्स उचलली.

दुसरी खोताच्या वाडीत घरातल्याच एका खोलीत काम करायची. ख्रिश्चन बाई, मराठी आमच्यापेक्षा ठसकेबाज. किती महिने लागतील ते आत्ता सांगता येणार नाही म्हणाली. आधी जबड्याखालचे दोन-चार केस काढून बघू, कातडी कशी राहते ते पाहू, मग पुढचं. नुसत्या उष्णतेची पद्धत भराभर होते. पण वर्षानुवर्षं उपटून मुळं वाकडी झालीत, तिथे विजेचा सौम्य प्रवाह सावकाश सोडलेला बरा, असं तिचं मत पडलं.

"सावकाशच करा," बहीण म्हणाली. "मला कुठे सासरी जायची घाई आहे?"

दोघी हसल्या. मग बाईनं विचारलं, केस कधीपासून आहेत.

"बाविशीपासून. पण मी इतकं जपायचे, की बाहेर कुणाला कधी पत्ता लागला नाही."

हे तिनं जरा अभिमानानं सांगितलं. मला तिथे बसवेना.

तिच्या लग्नाचं बघत होतो तेव्हा एका स्थळाकडून तिला पसंती आली होती. मुलाचा थोरला भाऊ आणि मी बोलणी करायला चहाला भेटलो. तिथे मी आपणहून सांगून टाकलं, की हिला हनुवटीवर केस येतात, मागून तक्रार नको. त्या सांगण्याला मी आजवर प्रामाणिकपणा म्हणत आलो. खरं म्हणजे तिला माघारी धाडलं तर बोल माझ्यावर येईल, याची धास्ती होती. त्यांचा नकार आला. घरी काय सांगायचं म्हणून मी, त्यांनी पत्रिका आपल्या जोशांना दाखवली आणि कडक मंगळ निघाला, असं सांगितलं. आईवडिलांनी ते खरं धरलं, पत्रिका पुन्हा कुणाला दाखवली नाही.

वाडीतून बाहेर पडल्यावर गल्लीतच मी तिला हे सांगितलं. ती चालायची थांबली.

"मंगळ नव्हता?"

"नव्हता."

"म्हणजे मी मंगळवार धरत राहिले ते तुझ्या थापेसाठी."

मी माफी मागायला लागलो, तर तिनं हात वर केला. "मला सांगून काय होणार? ज्यांना मंगळ सांगितलास, त्यांना सांग."

हयात होते त्यांना मी फोन केले. कॉटन ग्रीनची मावशी म्हणाली, "अरे, तिच्यासाठी आलेली चांगली स्थळं मी परतवली रे. मुलाला मंगळ नाही म्हणून." हे मला ठाऊक नव्हतं. तेही मी बहिणीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि भाजी निवडत राहिली. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्यात जेवणखाण आणि औषधं एवढंच बोलणं होतं.

पहिल्या भेटीत जबड्याखालचे केस काढले होते, तिथली कातडी चांगली राहिली. हनुवटीच्या बैठकीच्या दिवशी ती एकटी जाईल असं मी धरून चाललो होतो. चपला घालताना म्हणाली, "चल."

खोलीत तिला आडवं करून बाईनं दिवा जवळ ओढला, सुईचं पाकीट आमच्यासमोर फाडलं आणि मला बाहेर बसायला सांगितलं.

"असू दे त्याला," बहीण म्हणाली. "बघू दे."

ज्या हनुवटीवरून आम्ही सगळ्यांनी जन्मभर नजर वळवली, ती उजेडात होती. सुई गेली. बहिणीनं डोळे घट्ट मिटले. बाई मनात आकडे मोजत होती. मग तिनं चिमटा लावला आणि केस ओढावा न लागता अलगद सुटून आला. बाई पुढच्या केसाकडे वळली. मी बघत राहिलो.